ई-रीडर घ्यायचाय? नाशिकमध्ये मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई-रीडर, म्हणजे फक्त ई-पुस्तकं वाचायचं मशीन, त्याबद्दलचे हे प्रश्न मला गेली चार-पाच वर्षं सारखे विचारले जातायत. कधी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले की, कधी सोसायटीच्या गच्चीवर, आणि सगळ्यात जास्त पंचवटी एक्सप्रेसमध्ये, कारण आठवड्यातून तीन दिवस मी नाशिकरोडहून मुंबईला जाते आणि हातात ते राखाडी पाटीसारखं काय आहे हे शेजारचा माणूस इगतपुरी यायच्या आत विचारतोच. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

मोबाईल आहे की हातात, मग वेगळं मशीन कशाला?

मोबाईलवर तुमचं वाचन नीट चालत असेल तर खरंच पैसे घालवू नका, हे आधीच सांगते. पण बहुतेकांचं असं होतं की चार पानं झाली की वरून मेसेज येतो, मग तो बघायचा, मग अजून दोन बघायचे आणि पुस्तक राहतं बाजूला. ई-रीडरवर हे काही येतच नाही, तिथं फक्त पुस्तक असतं. दुसरं म्हणजे ऊन. गंगापूर धरणाच्या बाजूला दुपारी बसलात तर मोबाईलमध्ये स्वतःचाच चेहरा दिसतो, ई-रीडरवर मात्र जितकं ऊन जास्त तितकं अक्षर स्पष्ट.

ती कागदासारखी स्क्रीन चालते कशी?

याला ई-इंक म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून हे काम पुढं आलं आणि १९९७ मध्ये त्याची कंपनी निघाली. स्क्रीनच्या आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक-बारीक कुप्या असतात, लाखो, आणि प्रत्येकीत पांढरे नि काळे कण तरंगत असतात. दोघांचा विद्युतभार उलटा, म्हणजे एक धन तर दुसरा ऋण. खालून विजेचा हलका झटका दिला की हवे ते कण वर येतात, तिथं काळा ठिपका दिसतो किंवा पांढरा, आणि असे ठिपके मिळून अक्षर तयार होतं. एकदा कण जागेवर बसले की त्यांना तिथं थांबायला वीज लागत नाही! पान उलटताना लागते तेवढीच. म्हणून तर लाईट बंद ठेवून वाचलं तर बॅटरी कित्येक दिवस, कमी वापर असेल तर कित्येक आठवडे पुरते.

पान उलटताना कधीकधी स्क्रीन काळी होऊन झपकन पुन्हा येते आणि लोक घाबरतात की बिघडलं. बिघडलेलं नसतं, आधीच्या पानाची पुसट सावली राहते ती पुसायला मशीन सगळे कण एकदा हलवून घेतं. थंडीत हे काम जरा मंदावतं, निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत पहाटे गच्चीवर वाचत बसलात तर पान यायला क्षणभर जास्त लागेल, ते नॉर्मल आहे.

पण रात्री दिवा असतोच ना त्यात, मग मोबाईलसारखंच झालं की?

नाही हो. मोबाईलचा दिवा स्क्रीनच्या मागून थेट डोळ्यांत येतो. ई-रीडरचे बारीक एलईडी स्क्रीनच्या कडेला असतात, त्यांचा उजेड वरच्या थरातून पानावर पडतो आणि तिथून उलटून आपल्याकडे येतो, टेबललॅम्पखाली पुस्तक धरल्यासारखं. काही मशीनमध्ये हा उजेड पिवळसर करता येतो. मला रात्री तो पिवळसरच लागतो, आणि ज्यांना झोपायच्या आधी वाचायची सवय आहे त्यांनी ही सोय असलेलाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात टॅबवर 'कागदासारखी स्क्रीन' लिहिलंय, तेच का हे?

इथं बरेच जण फसतात. टीसीएलच्या नेक्स्टपेपरसारखे टॅब येतात, त्यांची स्क्रीन खरंच मॅट असते, चकाकत नाही, रंगही छान. पण आतून ती एलसीडीच, मागून दिवा लागलेली. मुलांचा अभ्यास, व्हिडिओ आणि मधून थोडं वाचन असं सगळं एकात हवं असेल तर तसा टॅब वाईट नाही, पण रोज दोन तास कादंबरी वाचणाऱ्यासाठी तो ई-रीडर नव्हे. ओळखायची सोपी खूण सांगते: स्क्रीनचा दिवा पूर्ण बंद करा, खिडकीजवळ जा. अक्षर दिसलं तर ई-इंक, काळोख झाला तर एलसीडी. (दिवा बंद करून दिसणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या एलसीडी पण आहेत, पण आपल्याकडच्या दुकानात तुम्हाला त्या सहसा दिसणार नाहीत.)

बरं, मग कुठला घेऊ ते सांगा ना.

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि मी दरवेळी उलटा विचारते: तुम्ही वाचणार काय, आणि ते पुस्तक येणार कुठून? कारण इंग्रजी वाचणाऱ्याला कुठलाही ई-रीडर चालतो, मराठी वाचणाऱ्याला नाही चालत. आपली पुस्तकं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत, काही किंडलवर (ॲमेझॉनचा ई-रीडर आणि त्याचं ई-पुस्तकांचं दुकान), काही बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साईटवर, काही गूगल प्ले बुक्सवर, काही नुसत्या पीडीएफमध्ये, आणि खूपशी अजून कागदावरच. तुमच्या आवडीची दहा पुस्तकं कागदावर लिहा आणि एक संध्याकाळ बसून ती कुठं मिळतात ते मोबाईलवरच शोधा. दहातली सात जिथं सापडतील त्या बाजूचं मशीन घ्या.

सात जर किंडलवर असतील तर किंडल घ्या, सोपा आहे, दणकट आहे, आणि वयस्कर माणसालाही दोन दिवसांत जमतो. बुकगंगावर असतील तर किंडल घेऊन उपयोग नाही, कारण ती पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात आणि किंडलवर बाहेरचं ॲप टाकता येत नाही. मग अँड्रॉइड चालणारा ई-रीडर लागतो, ओनिक्स कंपनीचा बूक्स वगैरे. त्यात किंडलचं ॲप, बुकगंगाचं ॲप, प्ले बुक्स सगळं एकत्र बसतं. पण महाग पडतो, बॅटरी किंडलइतकी टिकत नाही आणि सेटिंग इतक्या असतात की ज्याला मोबाईलचीच कटकट वाटते त्याच्या हातात देऊ नका. कोबो नावाचा आणखी एक ई-रीडर आहे, मशीन म्हणून फार चांगला पण आपल्याकडं सहज मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो, मग बिघडल्यावर दाखवायचा कुणाला हा प्रश्न उरतोच.

किंडलवर मराठी पुस्तकं खरंच आहेत का?

आहेत. ॲमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरमध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकं किंडलवर आणली आणि तेव्हापासून बरीच भर पडलीय. पण घ्यायच्या आधी फुकट सॅम्पल उघडाच. काही मराठी ई-बुकं म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो असतात, त्यात अक्षर मोठं करता येत नाही, आणि ६ इंची स्क्रीनवर ते वाचणं म्हणजे शिक्षा आहे. सॅम्पलमध्ये अक्षर मोठं-लहान करून बघा, ओळी नव्याने जुळल्या तर घ्या.

अजून एक, २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं किंडल पुस्तक कम्प्युटरवर उतरवून केबलने मशीनमध्ये टाकायची सोय बंद झालीय. वायफाय लागतंच. स्वतःकडच्या फाईली मात्र अजून केबलने टाकता येतात.

किंडलमधला कुठला?

साधा किंडल ६ इंची, वजन १५८ ग्रॅम, एका हातात तासभर धरला तरी मनगट दुखत नाही. पण त्यात पिवळसर उजेड नाही आणि तो वॉटरप्रूफ नाही. नवा पेपरव्हाइट ७ इंची, २११ ग्रॅम, दोन्ही सोयी आहेत, आपल्याकडं २०२५ च्या एप्रिलमध्ये १६,९९९ रुपयांना आला. मी पेपरव्हाइटच सुचवते, कारण मराठी अक्षराला इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, वर वेलांटी-रफार, खाली उकार, त्यामुळं ६ इंचावर मोठं अक्षर केलं की पानावर जेमतेम दहा-बारा ओळी उरतात. आणि दोन्हींची स्क्रीन ३०० पीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे जोडाक्षराच्या पोटातली बारीक रेघसुद्धा स्वच्छ दिसते. जुना १६७ पीपीआयचा कुणी स्वस्तात देत असेल तर 'द्ध' आणि 'द्व' शेजारी-शेजारी बघा, मग ठरवा.

माझ्याकडं मराठी पीडीएफचा ढीग आहे. त्या वाचता येतील ना?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण यातच सगळ्यांची निराशा होते आणि मग मशीन कपाटात जातं.

पीडीएफ म्हणजे पान जसं छापलं तसंच गोठवलेलं. मोठ्या पानाची पीडीएफ ६-७ इंचावर टाकली की अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं केलं तर ओळ स्क्रीनबाहेर जाते, प्रत्येक ओळीला डावीकडं-उजवीकडं सरकवत बसायचं. मशीन आडवं धरून समास कापले तर थोडं सुसह्य होतं, पण कादंबरी नाही वाचवत तसं.

लोक म्हणतात कन्व्हर्ट करू. ई-पुस्तकाची फाईल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उत्तम आहे, मी रोज वापरते. पण आपल्या जुन्या पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडमध्ये (मोबाईलवर मराठी टाईप होतं त्या पद्धतीत) नसतात, श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. दिसायला मराठी, पण आतमध्ये भलतीच अक्षरं साठवलेली. कन्व्हर्ट केल्यावर पानभर चित्रविचित्र खुणा येतात. आधीच ओळखायचं असेल तर पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी नीट आलं तर कन्व्हर्ट होईल, वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या असतील तर अर्धवट होईल, आणि कचरा आला किंवा कॉपीच झालं नाही तर ओसीआर लागेल, म्हणजे फोटोवरून अक्षरं ओळखून घेणं.

ते गूगल ड्राइव्हवर फुकट होतं. पीडीएफ थोड्या-थोड्या पानांची करून ड्राइव्हवर टाकायची, गूगल डॉक्समध्ये उघडायची, मजकूर आपोआप सुटा होऊन येतो. मी हे माझ्या आजोबांच्या पुस्तकासाठी केलं. त्यांनी नर्मदा परिक्रमेचं छोटंसं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं होतं, घरात एकच प्रत उरलेली, पानं पापडासारखी झालेली, दुमडली की तुकडा हातात. मोबाईलने एकेक पान खिडकीच्या उजेडात फोटो काढून घेतलं. ओसीआरने 'घाट' सगळीकडं 'धाट' केले, 'भ'चे 'म' केले, तीन रविवार मी आणि आई बसून दुरुस्त करत होतो, आई मूळ पुस्तकातून मोठ्याने वाचायची आणि मी स्क्रीनवर बघायचे. मग डॉक्समधूनच ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारा ई-पुस्तकाचा फाईल प्रकार) म्हणून उतरवून किंडलला पाठवलं. आई आता ते तिला हव्या त्या अक्षरात वाचते. मूळ प्रत कपाटात सुती कापडात गुंडाळून ठेवलीय.

किंडलला ईपब थेट पाठवता येतं, 'सेंड टू किंडल'च्या साईटवरून २०० एमबीपर्यंतची फाईल जाते. जुनं मोबी फॉरमॅट आता त्या मार्गाने जात नाही, तशा फाईली कॅलिबरमध्ये ईपब करून घ्या.

फुकट मराठी पुस्तकं कुठं मिळतात? ग्रुपवर येतात ती चालतील का?

ग्रुपवर फिरणारी नव्या पुस्तकांची स्कॅन घेऊ नका, कळकळीने सांगते. मराठीत प्रती खपतात किती, त्यातून लेखकाच्या हातात येतं किती, त्यात ही अशी पुस्तकं फुकट वाटली की पुढचं पुस्तक छापायची प्रकाशकाची हिंमतच होत नाही.

हक्काची फुकट पुस्तकं आहेत ना. आपल्या कायद्याप्रमाणं लेखक गेल्यावर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो, नंतर पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. हरिभाऊ आपटे तर १९१९ मध्येच गेले. पण आपले तात्यासाहेब, कुसुमाग्रज, १९९९ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवर २०५९ संपेपर्यंत हक्क आहे, तेव्हा ती विकतच घ्या. मोकळी पुस्तकं मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड साईटवर बघा, तिथून थेट ईपब उतरवता येतं. ई साहित्य प्रतिष्ठानही लेखकांच्या संमतीने फुकट ई-पुस्तकं देतं.

मराठी अक्षर कसं दिसतं? तुटतं का?

किंडलवर तुटत नाही. पण बारीक नजरेच्या वाचकाला एक खटकतं, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. आपल्या शाळेच्या पुस्तकातला ल वेगळा. यावर उपाय आहे, किंडल कम्प्युटरला केबलने जोडलं की 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर दिसतो, त्यात फॉन्टची फाईल टाकायची आणि वाचताना तो निवडायचा. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, त्यात आपल्या वळणाचा ल आणि श आहे, छापील पुस्तकाची आठवण येते अगदी.

दुसऱ्या कंपन्यांचं मात्र सांभाळून. मी एकदा एका फारशा नाव नसलेल्या कंपनीचा रीडर स्वस्त मिळाला म्हणून आईला घेतला, आणि त्यात 'क्ष' फुटून 'क्' आणि 'ष' वेगळे, 'कि'ची वेलांटी क च्या पलीकडं. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, म्हणे मशीन चालू आहे ना. तेव्हापासून मी चार शब्दांची फाईल मोबाईलमध्ये ठेवते: उद्ध्वस्त, ऱ्हास, चिन्ह, किल्ल्यातल्या. पैसे द्यायच्या आधी ती मशीनवर उघडून बघायची. विकणारा उघडू देत नसेल तर घेऊ नका.

आई-बाबांसाठी घेऊ का? डोळ्यांना बरं पडेल?

चष्म्याचा नंबर कमी होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, त्यासाठी डॉक्टरच. पण अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं ही वयस्कर वाचकासाठी फार मोठी गोष्ट आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी आईचं वाचन जवळपास बंद झालं होतं, जाड भिंगाखाली एकेक ओळ. रीडरवर अक्षर मोठं केलं, ओळींत अंतर वाढवलं, आणि ती पुन्हा दुपारी झोपाळ्यावर बसून वाचायला लागली. द्यायच्या आधी एवढं करा: दहा पुस्तकं भरून ठेवा, अक्षर लावून ठेवा, आणि खरेदीला पासवर्ड लावा म्हणजे चुकून बोट लागून पुस्तक विकत घेतलं जाणार नाही. आणि पहिले चार दिवस शेजारी बसा.

रंगीत घ्यावा का?

कादंबरीसाठी नको. आत्ताच्या बहुतेक रंगीत ई-इंकमध्ये काळं-पांढरं ३०० पीपीआय पण रंग १५० पीपीआयवरच, आणि वर रंगाचा थर असल्यानं पान जरा काळपट दिसतं. रंग पण वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखे फिके. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं कागदावरच द्या.

१० इंची, पेनाने लिहायचे असतात ते?

पीडीएफ वाचायच्याच असतील, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, संशोधन, वकिली, तर हाच आकार. झोपून वाचायला नको, किंडल स्क्राइबचा १० इंचीच ४३३ ग्रॅम भरतो.

पडला, दबला, भिजला तर?

भिजण्याचं सोपं आहे, पेपरव्हाइट गोड्या पाण्यात दोन मीटरपर्यंत तासभर तग धरतो, म्हणजे आपल्या पावसाळ्याला पुरून उरतो. खरी भीती दाबाची. ई-इंकच्या आत पातळ काच असते आणि वरून ओरखडा नसला तरी ती आतून तडकते. माझा पहिला रीडर असाच गेला. पाठीवरच्या बॅगेत डब्याला टेकून ठेवला होता, पंचवटीत कसाऱ्यानंतर गर्दी वाढली, कुणीतरी टेकलं, डब्याचा कोपरा बरोबर मध्ये घुसला. कल्याणला बाहेर काढला तर अर्धं पान जागच्या जागी गोठलेलं आणि खाली रेघाच रेघा. दुरुस्तीला नेला तर सांगितलं, स्क्रीन बदलायच्या पैशात नवा येईल. तेव्हा कडक कव्हर पहिल्या दिवशीच घ्या, बॅगेत पाठीकडच्या कप्प्यात, डब्यापासून आणि चार्जरपासून लांब. उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका.

सेकंडहँड घेऊ का?

घ्या, पण समोरासमोर. आधीच्या मालकाने आपलं खातं काढलंय का ते बघा, आणि तुमचं खातं तिथंच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावून बघा, चोरीचा म्हणून नोंदवलेला असेल तर लागणार नाही. पांढरं पान उघडून कोपऱ्यात डाग आहेत का, अंधारात दिवा सगळीकडं सारखा पडतोय का ते तपासा. चार्जिंगचं भोक यूएसबी सी असेल तर बरं, पेपरव्हाइटला ते २०२१ पासून आलंय.

नाशिकमध्ये हातात घेऊन बघता येईल का?

अवघड आहे. एमजी रोडला मोबाईलच्या दुकानांत मी बऱ्याचदा विचारलं, बहुतेक जण टॅबच काढून दाखवतात. ऑनलाइनच मागवावा लागतो. म्हणून ओळखीत कुणाकडं असेल तर दोन दिवस मागून घ्या, एक अख्खं प्रकरण वाचून बघा, काहींना पान उलटतानाची ती झपक सहनच होत नाही आणि ते आधी कळलेलं बरं.

हे घेतल्यावर वाचनालयाची वर्गणी बंद करू का?

अजिबात करू नका! आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथल्या कपाटात जी जुनी मराठी पुस्तकं आहेत त्यातली कितीतरी कुठल्याच ई-बुकच्या दुकानात येणार नाहीत. माझं तरी असं आहे की प्रवासात आणि रात्री रीडर, आणि शनिवारी वाचनालय. आईसाठी पुस्तक आणलं आणि अक्षर बारीक निघालं की मी आधी ते किंडलवर आहे का बघते, असलं तर विकत घेऊन तिच्या रीडरवर टाकते, आणि नसलं की संध्याकाळी तिला वाचून दाखवते.